लांबचं जवळ आणणारी काच: अणदूरच्या यात्रेसाठी कॅमेरा कोणता?

गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण तसं झालंय खरं. "दादा, रोजच्या फोटोंसाठी खिशात मावणारा झूम कॅमेरा घेऊ, का तो डीएसएलआरसारखा दिसणारा ब्रिज कॅमेरा? का आपला फोनच बरा?" हाच प्रश्न माझ्या आत्याच्या मुलानेही विचारला, फक्त जरा वेगळ्या शब्दांत: "यंदा यात्रेचे फोटो चांगले काढायचेत. फोनमध्ये लांबचं नुसतं लोणी लागल्यासारखं दिसतं."

लोणी हा शब्द मला फार आवडला. फोनच्या डिजिटल झूमचं यापेक्षा नेमकं वर्णन मी एकाही टेक चॅनलवर ऐकलेलं नाही.

आता, मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि हा पॉडकास्ट इतिहासाचा आहे. त्यामुळे उत्तर इतिहासातून फिरत फिरत येणार. पण उत्तर देणार, "तुमच्या गरजेवर अवलंबून आहे" असं म्हणून पळणार नाही.

आधी गावाबद्दल, बाहेरच्यांसाठी. अणदूर हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. जवळच नळदुर्ग. आमच्या खंडोबाची गंमत अशी की देव एक आणि गावं दोन. वर्षातले साधारण सव्वादहा महिने मूर्ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, म्हणजे मैलारपूरला. दोन्ही गावांत त्याचा रीतसर करार होतो. नळदुर्गची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने बघा: रात्र, गर्दी, हवेत भंडारा, पालखी तुमच्यापासून लांब, वर पूर्ण चंद्र. आणि दुसऱ्या दिवशी उजेडात नळदुर्गचा किल्ला, बोरी नदी, पाणीमहाल. कॅमेऱ्याची एवढी कडक परीक्षा दुसरीकडे क्वचितच मिळेल. म्हणून आजचा सगळा हिशेब याच एका यात्रेवर करू.

नळदुर्गचं नाव घेतलं की एक साहेब आठवतोच. कॅप्टन मेडोज टेलर. १८५३ मध्ये निजामाने काही जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिले, त्यात नळदुर्गचा जिल्हा होता आणि तिथला डेप्युटी कमिशनर म्हणून टेलर आला. १८५७ पर्यंत तो इथे होता. (१८६० मध्ये हा मुलूख परत निजामाकडे गेला आणि १९४८ पर्यंत तिकडेच राहिला.) टेलरला लोक 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीमुळे ओळखतात, पण त्याचा हात चित्रकलेतही चांगला होता. 'स्केचेस इन द डेक्कन' हे त्याचं चित्रांचं पुस्तक १८३७ चं आहे. त्या काळात दख्खनमध्ये फिरणाऱ्या माणसाचा रोजचा कॅमेरा म्हणजे कागद आणि पेन्सिल.

टेलर नळदुर्गला होता त्याच वर्षांत मुंबईत फोटोग्राफीने बाळसं धरलं. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले सुरुवातीचे आपले फोटोग्राफर. म्हणजे मराठी माणूस या खेळात पहिल्या ओव्हरपासून आहे.

आणि आता मी ज्यासाठी हा एपिसोड करतोय ती गोष्ट. १८६६ साल. त्या एकाच वर्षात दोन पुस्तकं आली.

पहिलं 'आर्किटेक्चर ॲट बीजापूर'. मजकूर आपल्याच टेलरचा, वास्तुकलेवरच्या टिपा जेम्स फर्ग्युसनच्या. विजापूर म्हणजे आदिलशाहीची राजधानी, आणि नळदुर्गचा पाणीमहालसुद्धा त्याच आदिलशाहीतला, दुसऱ्या इब्राहिमच्या काळातला, १६१३ चा. या पुस्तकाचं मुखपृष्ठाच्या आतलं पान, ज्यावर नाव छापतात ते, वाचण्यासारखं आहे. त्यावर स्पष्ट लिहिलंय की यातले काही फोटो हे हाताने काढलेल्या चित्रांचे फोटो आहेत, आणि काही कर्नल बिग्ज आणि मेजर लॉक यांनी जागेवर जाऊन काढलेले आहेत. चित्रं काढणाऱ्यांत कॅप्टन हार्ट आणि कमिंग यांची नावं आहेत, आणि 'देशी ड्राफ्ट्समन' असा एक शब्द. त्यांची नावं द्यायचं मात्र साहेबांना सुचलं नाही.

दुसरं पुस्तक विल्यम जॉन्सनचं. 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. पहिला भाग १८६३, दुसरा १८६६. मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो, मागे मुंबईची ठिकाणं. बघायला सुंदर. पण माणसं एकीकडे उभी करून काढली, पार्श्वभूमी दुसरीकडची, आणि दोन्ही एकत्र चिकटवून तिसराच फोटो तयार केला. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधीचा फोटोशॉप. ती माणसं त्या जागी कधी उभी राहिली होती का, ते फोटोवरून कळायला मार्ग नाही.

एका पुस्तकाने सांगितलं की लेन्ससमोर काय होतं आणि हाताने काय काढलं. दुसऱ्याने दोन्ही कालवून एक केलं. हे दोन डबे डोक्यात ठेवा. पुढे फोनची वेळ आली की लागणार आहेत.

तर त्या काळात 'लांबचं जवळ' आणायचं कसं? चालत जाऊन. दुसरा उपाय नव्हता. आमच्या भागापुरतं बोलायचं तर हैदराबाद संस्थानातला सगळ्यात मोठा फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाने १८९४ मध्ये त्यांना 'राजा मुसव्विर जंग' केलं. त्यांचे फोटो आजही डोळे दिपवतात, पण ते काचेच्या प्लेटा, मोठा लाकडी कॅमेरा, तिपाई, माणसं असं बिऱ्हाड घेऊन काढलेले. तिथे 'रोजचा फोटो' हा शब्दच बसत नाही.

रोजचा फोटो आपल्याकडे आला तो खूप उशिरा, आणि बऱ्याच घरांत तो आगफा क्लिक थ्रीच्या रूपाने आला. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. काळा, डब्यासारखा. एका रोलवर १२ फोटो. झूम नाही, फोकस नाही. नंतरच्या पिढीत कोडॅकचा केबी टेन, तोही तसाच साधा. घरातल्या जुन्या अल्बममध्ये यात्रेचे फोटो असतील तर नीट बघा: पालखी करंगळीएवढी आणि समोर कुणाच्या तरी फेट्याची पाठ. फोटोग्राफर वाईट नव्हता हो, लेन्सच तेवढी होती. शिवाय रोल आणि धुलाईचा खर्च असा की बाराव्या फोटोपर्यंत माणूस श्वास रोखून असायचा.

झूम लेन्स म्हणजे आत काचा पुढे-मागे सरकवून जागेवर उभं राहून दृश्य जवळ आणणारी लेन्स. सिनेमावाल्यांकडे ती १९३० च्या दशकातच होती. साध्या फोटोच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी विकायला आलेली पहिली झूम लेन्स १९५९ ची, फोग्टलँडर झूमार. डिझाइन फ्रँक बॅक यांचं. झूम किती? ३६ ते ८२ मिमी. म्हणजे सव्वादोन पट. आज हसू येतं. पण या लेन्ससाठी कॅमेरा एसएलआर लागायचा, आणि एसएलआर म्हणजे स्टुडिओवाला किंवा पैसेवाला.

खिशातल्या कॅमेऱ्यात झूम यायला १९८६ उजाडलं. पेंटॅक्स झूम ७०. ३५ ते ७० मिमी, नेमकं दुप्पट, आणि बटण दाबलं की मोटर लेन्स बाहेर काढायची. तो घर्रर्र आवाज आठवतोय का कुणाला? लग्नात कुणाच्या तरी मुंबईच्या काकांकडे असायचा.

मग दोनच वर्षांत, १९८८ च्या आसपास, जपानी कंपन्यांनी विचित्र आकाराचे कॅमेरे आणले. रिकोचा मिराई, चिनॉनचा जेनेसिस, ऑलिंपसचा एझेड ३००. लेन्स निघत नाही, पण कॉम्पॅक्टपेक्षा मोठी. हातात धरायला व्हिडिओ कॅमेऱ्यासारखा. मिराई म्हणजे जपानीत 'भविष्य'. साधा कॉम्पॅक्ट आणि एसएलआर यांच्या मधला पूल, म्हणून नाव पडलं ब्रिज कॅमेरा. (पुलावरून आठवलं. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या पोलीस ॲक्शनची पहिली लढाई नळदुर्गलाच झाली, आणि भारतीय सैन्याने पहिलं काम काय केलं असेल तर बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत धड ताब्यात घेतला. आमच्याकडे 'ब्रिज' या शब्दाला मान आहे.)

फिल्मच्या काळात हा पूल फारसा कुणी ओलांडला नाही. त्याचे खरे दिवस डिजिटलमध्ये आले, आणि त्यामागचं कारण इंजिनिअर म्हणून मला फार गोड वाटतं. फिल्मचा चौकोन ३६ बाय २४ मिमीचा. तेवढ्या मोठ्या चौकोनावर दहापट झूम पाडायची तर लेन्स तोफेएवढी होते. डिजिटल सेन्सर मात्र नखाएवढा करता येतो. सेन्सर लहान केला की तेवढ्याच झूमसाठी लेन्सही लहान लागते. २००० मध्ये ऑलिंपस सी २१०० आला, दहापट झूम आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा. २००२ मध्ये पॅनासॉनिकचा एफझेड वन, बारापट झूम आणि पूर्ण झूमवरसुद्धा लेन्सचं तोंड तेवढंच उघडं. फक्त २ मेगापिक्सेल, पण लेन्स राजा. २००६ मध्ये त्याच कंपनीच्या टीझेड वनने आतमध्ये प्रिझमने प्रकाश वळवून दहापट झूम खिशात बसवली. तिथून शर्यत लागली ती २०१५ च्या निकॉन पी९०० पर्यंत: ८३ पट, २४ ते २००० मिमी. त्याचे चंद्रावर झूम करणारे व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरत होते. २०१८ च्या पी१००० ने १२५ पट केली.

आणि ही शर्यत चालू असतानाच मैदान रिकामं झालं. जपानी कंपन्यांनी २०१० मध्ये साधारण १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, त्यात बहुतेक सगळे लेन्स न निघणारे, म्हणजे कॉम्पॅक्ट आणि ब्रिज. २०२३ मध्ये या प्रकारचे कॅमेरे उरले १७ लाखांच्या आसपास. फोनने खाल्ले. त्यामुळे आज या दोन प्रकारांत नवं मॉडेल क्वचित येतं, आणि तुम्ही बघताय ते बरेचसे जुने किंवा सेकंडहँड आहेत. सध्या रील्सवर जुन्या डिजिकॅमची लाट आहे, तिच्यामुळे कपाटात पडलेले डबेही महाग झालेत. माझ्या मते त्या लाटेत पैसे घालू नका, पण तो वेगळा वाद आहे.

फोनने खाल्ले म्हणजे नेमकं काय झालं, हे कळल्याशिवाय निवड करता येणार नाही. चला यात्रेत. पौष पौर्णिमा, नळदुर्ग, वर चंद्र. इथून पुढे आकडे आहेत. कानाने ऐकून सुटत असतील तर इथेच थांबून वाचा.

फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने चंद्र काढला तर फोटोच्या उंचीच्या १ टक्क्याहूनही लहान दिसतो. दहापट झूम लेन्स असलेल्या महाग फोनमध्ये साधारण ८ टक्के. ६०० मिमीच्या ब्रिज कॅमेऱ्यात २१ टक्के. पी९०० च्या २००० मिमीला ७० टक्के. हे झालं आकाराचं.

आता उजेडाचं. लांबच्या वस्तूचा किती प्रकाश आत येतो ते लेन्सच्या तोंडावर ठरतं. पी९०० ची लेन्स पूर्ण झूमवर प्रत्यक्षात ३५७ मिमीची असते आणि ॲपर्चर एफ ६.५. भागाकार करा: तोंड सुमारे ५५ मिमी. सॅमसंगच्या एस २३ अल्ट्राची दहापट लेन्स साधारण २७ मिमीची, एफ ४.९. तोंड साडेपाच मिमी. म्हणजे व्यासात दहापट फरक, क्षेत्रफळात शंभरपट. जाहिरातीत फोनवर 'शंभरपट झूम' लिहिलेलं असतं ना, तर शंभरपट खरं कुठे आहे ते हे असं आहे.

मग त्या फोनमधून चंद्रावरचे खड्डे एवढे स्वच्छ कसे दिसतात? मार्च २०२३ मध्ये रेडिटवर एका माणसाने साधा प्रयोग केला. चंद्राचा फोटो १७० बाय १७० पिक्सेलचा केला, मुद्दाम धूसर केला, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला आणि खोलीत अंधार करून लांबून फोनने त्याचा फोटो काढला. त्या धूसर गोळ्यात तपशील उरलाच नव्हता. तरी फोनच्या फोटोत खड्डे आले. पुढे कंपनीने समजावून सांगितलं की फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या मॉडेलने तपशील वाढवतो, आणि सीन ऑप्टिमायझर बंद केला की हे होत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला त्यात तंत्र म्हणून काही पाप दिसत नाही. फोनच्या रात्रीच्या फोटोची कमाल याच हिशेबी डोक्यामुळे आहे. एकाऐवजी दहा फोटो काढून ते एकावर एक बसवायचे, गोंगाट वजा करायचा, याला मी चिकटवाचिकटवी म्हणणार नाही. ते सगळे फोटो समोरचेच आहेत. पण चंद्राचे खड्डे हा जॉन्सनचा डबा आहे. माणूस इथला, मागचं देऊळ तिथलं. आणि चंद्राचं एक बरं आहे, तो सगळ्यांचा सारखाच. लांबच्या पालखीतल्या देवाचा मुखवटा, गर्दीतल्या म्हाताऱ्याचा चेहरा, पाणीमहालावरचा झिजलेला दगड, हे फोनला शिकवलेलं नाही. तिथे तो एकतर लोणी लावतो, नाहीतर अंदाजाने काहीतरी टोकदार रेघा ओढतो. पन्नास वर्षांनी कुणी अणदूरच्या यात्रेचा फोटो बघेल तेव्हा त्यातला कुठला सुरकुतलेला चेहरा खरा होता आणि कुठला हिशेबाने आला, हे त्याला कळणार नाही. आमच्या आजीचा तरुणपणीचा एकच फोटो घरात आहे, तोही धूसर. पण त्या धूसरपणात जेवढी आजी आहे तेवढी आजीच आहे.

आता निवड. सरळ सांगतो.

पहिलं, चांगला फोन हातात असेल तर पाच-आठ पट झूमचा, लहान सेन्सरचा स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊ नका. अजिबात नको. त्याचा सेन्सर १/२.३ इंची म्हणतात तो, प्रत्यक्षात साधारण ६.२ बाय ४.६ मिमी. आजच्या बऱ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून दुप्पट-अडीचपट मोठा असतो. घरात, वाढदिवसाला, रात्रीच्या पंगतीत फोनच जिंकणार. खिशात दोन वस्तू ठेवून एकाच कामाला वापरण्यात अर्थ नाही.

खिशातलाच हवा असेल तर मग सेन्सर मोठा बघा. सोनी आरएक्स १०० ही मालिका २०१२ पासून आहे, सेन्सर एक इंची म्हणतात तो, १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे मघाच्या चौपट. पहिल्या मॉडेलची झूम २८ ते १०० मिमी. घरासाठी, कॉलेजसाठी, प्रवासासाठी झकास. पण यात्रेत पालखी लांब असेल तर १०० मिमीने काही होत नाही. दुसरीकडे सोनीचाच एचएक्स ९०व्ही, तीसपट झूम, वजन फक्त २४५ ग्रॅम. भर दुपारी किल्ल्यावर मजा येते, दिवेलागणीला तो हात टेकतो.

ब्रिजमध्ये तीन तऱ्हा आहेत. पी९०० आणि पी१०००: पोच अफाट, पण पूर्ण झूमवर अंधार सहन होत नाही, आणि पी१००० चं वजन १४१५ ग्रॅम. गळ्यात घालून यात्रेत गेलात तर आमच्याकडचे तात्या विचारणारच, "आरं, हा भोपळा कशाला आणलास?" दुसरी तऱ्हा सोनी आरएक्स १०चा चौथा अवतार, २०१७ चा: एक इंची सेन्सर, २४ ते ६०० मिमी. सगळ्यात उत्तम आणि लाखाच्या वरचा. स्वतःच्या पगारातून घेणार असाल तर माझी हरकत नाही. वडिलांकडून मागणार असाल तर हा एपिसोड त्यांना पाठवू नका.

तिसरी तऱ्हा माझी आवडती. पॅनासॉनिक एफझेड २०० (२०१२) आणि त्याचा धाकटा भाऊ एफझेड ३०० (२०१५). २५ ते ६०० मिमी, आणि एफ २.८ हे ॲपर्चर शेवटपर्यंत टिकतं. २००२ च्या एफझेड वनची तीच जुनी हुशारी. ६०० मिमीला लेन्सचं तोंड साडेअडतीस मिमी. पी९०० पूर्ण झूमवर एफ ६.५ ला असतो, त्याच्या तुलनेत सेन्सरवर पाचपट जास्त उजेड पडतो. सेन्सर लहान आहे, ते मान्य. देवळाच्या गाभाऱ्याजवळ, हाताच्या अंतरावर फोनच काढा. पण संध्याकाळी पालखी निघते तेव्हाच्या उरल्यासुरल्या उजेडात, पन्नास-साठ पावलांवरून, हाच कामाला येतो.

आणि एफझेड ३०० चं दुसरं कारण खास आपलं आहे: भंडारा. झूम करताना लेन्सची नळी बाहेर येते आणि आत जाते, म्हणजे ती सायकलच्या पंपासारखी हवा ओढते. हवेत हळद असेल तर हळद आत. लेन्स निघत नसल्याने सेन्सरवर बसलेला कण तुम्हाला फुंकरही घालता येत नाही. दुरुस्तीवाल्याकडे कॅमेरा उघडावाच लागतो. नळीत कण अडकला की लेन्स अर्ध्यावर थांबते आणि स्क्रीनवर एरर येते. सेकंडहँड कॉम्पॅक्ट बाजारात बहुतेक याच दुखण्याने येतात. एफझेड ३०० धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून सील केलेला आहे, एफझेड २०० तसा नाही. जेजुरी, पाली, अणदूर, कुठेही उधळणीत जाणार असाल तर हा फरक दोन-चार हजार जास्त द्यायच्या लायकीचा आहे. तरीही उधळण चालू असताना झूम आत-बाहेर करत बसू नका. एक फोकल लेंग्थ ठरवा, तिथेच थांबा, आणि नंतर कपड्याने घासायच्या आधी ब्लोअरने उडवा. हळद घासली की काचेवर चरे पडतातच असं नाही, पण पिवळा थर पसरतो तो पसरतोच.

सेकंडहँड घेताना दुकानात एवढं करा: झूम पूर्ण बाहेर-आत दहा वेळा, कान लावून. पांढऱ्या भिंतीचा फोटो, झूम टोकाला आणि ॲपर्चर एफ ८ ला. ठिपके दिसले तर आत धूळ आहे. मग रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो ६०० मिमीला, हातात धरून. अक्षरं वाचता आली तर स्थिर ठेवणारी यंत्रणा जिवंत आहे.

लांब झूमबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहिलेली नसते. ६०० मिमीने समोरच्याला पत्ता लागू न देता चेहरा काढता येतो. हैदराबादेत दीनदयाळांनी १८९२ मध्ये बायकांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला होता, तिथे फोटो काढणारीही बाईच. पडद्यातल्या बायकांना स्वतःचा फोटो हवा होता, पण तो आपल्या अटीवर. यात्रेत वाघ्या-मुरळी, देवाला लोटांगण घालणारी बाई, अंगात आलेलं माणूस, हे सगळे लांबून फार 'चांगले' फोटो होतात. मी ते काढले तर जवळ जाऊन दाखवतो, नको म्हटलं तर तिथल्या तिथे पुसतो. बहुतेक जण नको म्हणत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठव म्हणतात.

व्हॉट्सॲपचाच शेवटचा मुद्दा. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये काही नोंदी लिहितो: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, किती मिमीला काढला, ॲपर्चर किती. टेलरच्या पुस्तकाच्या पहिल्या पानासारखंच ते आहे, जागेवर काय झालं याची नोंद. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की फाइल लहान होते आणि या नोंदी गळून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर राहतात. तेव्हा यात्रेहून आल्यावर कार्डावरच्या मूळ फाइल्स आधी हार्ड डिस्कवर उतरवा, वर्ष आणि 'पौष पौर्णिमा' असं फोल्डरला नाव द्या, आणि ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांची नावं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मराठीत टाइप करून त्याच फोल्डरमध्ये टाका. आत्याच्या मुलाला मी एफझेड ३०० सांगितलाय. सोलापूरला एक मिळतोय म्हणाला, लेन्स आत-बाहेर करून बघायला रविवारी जाणार आहोत.